हिम पडलं की कोवळा बर्फ नकाशातून पुसला जातो, तेव्हा काय तपासायचं

पुण्यात जूनचा पाऊस लागला की आमचा बर्फाचा मोसम सुरू होतो. खिडकीबाहेर पाषाणच्या टेकडीवर ढग टेकलेले असतात आणि आत स्क्रीनवर प्रिड्झ बे उघडलेला असतो. अंटार्क्टिकात लार्समन टेकड्यांवर २०१२ पासून आपलं भारती स्टेशन आहे, त्याच्यासमोरचा हा समुद्र. तिथे तेव्हा ऐन हिवाळा. किनाऱ्यावरून सुटलेला वारा बर्फाला समुद्राकडे लोटतो, मागे उघडं पाणी उरतं, ते लगेच गोठतं, आणि तो नवा बर्फही वारा पुढे ढकलून देतो. हे जिथे सतत चालतं त्या जागेला पॉलिन्या म्हणतात. कोवळ्या बर्फाचा तो कारखानाच. रडारच्या दृश्यांवरून त्याचा नकाशा करणं हे आमचं काम.

दर मोसमात दोन-तीनदा तरी शेजारच्या टेबलावरून हाक येते, "ताई, परत तेच झालंय. परवाचा कोवळा बर्फ आज जाड दाखवतोय." जाऊन बघावं तर परवा काळपट असलेला पट्टा आज चांगलाच उजळलेला असतो आणि क्लासिफायरनं, म्हणजे रडारच्या दृश्यातल्या बर्फाचा प्रकार ठरवणाऱ्या संगणकी मॉडेलनं, त्याच्यावर 'फर्स्ट-इयर (एका हिवाळ्यात जाड झालेला), ७० सेंटीमीटरच्या वर' असं लेबल ठोकलेलं असतं. कधी आठवड्याभरानं तोच पट्टा परत काळवंडतो. नकाशावर विश्वास ठेवायचा तर बर्फ तीन दिवसांत अर्धा मीटर वाढला आणि मग भर थंडीत पुन्हा पातळ झाला.

पहिले दोन-तीन मोसम असं झालं की आम्ही मॉडेल पुन्हा शिकवायला बसायचो. नवे नमुने, नवी लेबलं, रात्रभर चाललेलं ट्रेनिंग. त्यानं नुकसानच झालं, कारण चुकीची लेबलं आम्ही आमच्याच हातानं मॉडेलच्या डोक्यात भरली. बहुतेक वेळा मॉडेलचा काहीच दोष नव्हता. मधल्या दिवसांत हिम पडून गेलेलं होतं. सेंटिनेल-१ किंवा आपल्या ईओएस-०४ या रडार उपग्रहांची दृश्यं घेऊन असं काम करणाऱ्या कुणाचाही वेळ यात जाऊ नये, म्हणून आम्ही आता कोणत्या क्रमानं तपासतो ते लिहिते आहे.

त्याआधी शब्दांचं एक सांगायला हवं, कारण आमचा पहिला घोटाळा तिथेच झाला होता. मराठीत आपण वरून पडणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि पाणी गोठून झालेल्यालाही बर्फच म्हणतो. आमच्या लेबलांच्या तक्त्यात 'वर बर्फ आहे' अशा एका शेऱ्याचे दोघांनी दोन अर्थ घेतले होते. तेव्हापासून नियम केला: वरून पडतं ते हिम, समुद्राचं पाणी गोठून होतो तो बर्फ. इथेही तसंच वाचा. आणि कोवळा बर्फ म्हणजे ढोबळमानानं ३० सेंटीमीटरपर्यंतचा. जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येत १० सेंटीमीटरपर्यंत निलास, १० ते १५ ग्रे, १५ ते ३० ग्रे-व्हाइट, आणि त्यापुढे फर्स्ट-इयर.

आधी विचारा: इतका बर्फ वाढू तरी शकतो का?

हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. रशियन शास्त्रज्ञ लेबेडेव्ह यांचं १९३८ चं एक जुनं सूत्र आहे. रोजचं तापमान समुद्राच्या गोठणबिंदूच्या, म्हणजे उणे १.८ अंशांच्या, जितकं खाली असेल त्याची दिवसागणिक बेरीज करायची, त्या बेरजेचा ०.५८ वा घात घ्यायचा आणि १.३३ नं गुणायचं. उत्तर सेंटीमीटरमध्ये येतं. हवा सलग उणे २० असेल तर उघड्या पाण्यापासून तीन दिवसांत साधारण १३ सेंटीमीटर, सहा दिवसांत २०, आणि महिन्याभरात ५० च्या आसपास. जाडी वाढते तशी वाढ मंदावते, कारण खालच्या पाण्यातली उष्णता बाहेर पडायला बर्फच आडवा येतो.

म्हणजे परवा १५ सेंटीमीटरचा असलेला पट्टा आज ७० चा होणं नुसत्या गोठण्यानं शक्य नाही. एकच अपवाद: वाऱ्यानं बर्फाचे थर एकमेकांवर चढले असतील तर. पण तसं झालं असेल तर पट्ट्याचा आकार बदलतो, तो अरुंद होतो, कडेला उजळ रेघा दिसतात. आकार जसाच्या तसा आणि फक्त उजेड बदललेला असेल, तर जाडीचा विषय तिथेच संपवा.

मग आपलीच चूक नाही ना, ते बघा

हे लवकर उरकण्यासारखं आहे, पण गाळू नका. सेंटिनेल-१ च्या ईडब्ल्यू मोडमध्ये, म्हणजे रुंद भाग टिपायच्या पद्धतीत, दृश्य ४०० किलोमीटर रुंद असतं आणि इन्सिडन्स अँगल, म्हणजे लहर किती तिरकी पडते तो कोन, साधारण १९ पासून ४७ अंशांपर्यंत बदलतो. फर्स्ट-इयर बर्फाचा एचएच बॅकस्कॅटर (आडवी लहर पाठवून आडवीच परत घेतली की मिळणारा परतावा) दर अंशाला साधारण ०.२ ते ०.२५ डेसिबलनं उतरतो. म्हणजे तोच बर्फ दृश्याच्या एका कडेला असला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कडेला आला, तर काहीही न घडता साडेपाच ते सात डेसिबलचा फरक पडतो. म्हणून तुलना करताना शक्यतो त्याच कक्षेची, १२ दिवसांच्या अंतराची जोडी घ्या. नसेल तर कोनाची दुरुस्ती करूनच पुढे जा.

एचव्ही चॅनल (आडवी लहर पाठवून उभी परत घेतलेला) असेल तर थर्मल नॉइज, म्हणजे यंत्राचा स्वतःचा गोंगाट, काढला आहे ना ते पाहा. कोवळा गुळगुळीत बर्फ एचव्हीमध्ये नॉइजच्या पातळीलाच टेकलेला असतो, त्यामुळे दिसतो तो आकडा बर्फाचा नसून यंत्राचा असू शकतो. दृश्यात उभे पट्टे दिसत असतील तर उत्तर तिथेच आहे.

आणि सरासरी डेसिबलमध्ये काढू नका. एक पिक्सेल उणे १०, दुसरा उणे २०. डेसिबलमध्ये सरासरी उणे १५ येते. मूळ रेषीय आकड्यांत केली तर उणे १२.६. हिमफुलं (नव्या बर्फावर उगवणारे खारट स्फटिक) किंवा तुटक कडा असलेल्या पट्ट्यात हा फरक नकाशाचा रंग बदलायला पुरतो. आमच्याकडे एका स्क्रिप्टमध्ये ही चूक अख्खा मोसम राहून गेली होती.

साक्षीदार पट्टा

ही सवय आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. किनाऱ्याला घट्ट धरून असलेला बर्फ, म्हणजे फास्ट आइस, हिवाळाभर जागचा हलत नाही. भारतीच्या बाजूला असा एक सपाट तुकडा आम्ही मोसमाच्या सुरुवातीलाच आखून ठेवतो आणि प्रत्येक दृश्यात आधी त्याचा आकडा वाचतो. कोवळा पट्टा बदलला आणि साक्षीदार जागच्या जागी असेल, तर कारण कोवळ्या बर्फातच शोधायचं. दोघंही एकदमच बदलले असतील तर एक तर प्रक्रियेत चूक आहे, नाहीतर सगळीकडचं हिम ओलं झालंय.

इथपर्यंत आलात आणि फक्त कोवळाच पट्टा बदललाय हे ठरलं, की हिमाकडे वळा. पुढचा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण गैरसमज इथेच आहे.

"कोरडं हिम तर रडारला पारदर्शक असतं ना?"

हो, असतं. सेंटिनेल-१ चा रडार ५.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे लहर साडेपाच सेंटीमीटरची. कोरडं, थंड, गोडं हिम या लहरीला जवळपास अडवतच नाही. ती काही मीटर हिमातून पार होते. पुस्तकात हे वाचूनच आम्हीही हिमाला यादीतून काढून टाकलं होतं.

पण कोवळ्या बर्फावर पडलेलं हिम फार काळ गोडं राहत नाही.

हे मला वाचून नीटसं पटलं नव्हतं, म्हणून घरीच करून पाहिलं. थर्मोकोलच्या खोक्यात घट्ट बसेल असा स्टीलचा डबा घेतला, म्हणजे थंडी बाजूनं न लागता वरूनच लागेल, समुद्रासारखी. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे दोन मोठे सपाट चमचे, आणि खायच्या लाल रंगाचे काही थेंब. पाणी आधी फ्रीजमध्ये गार करून घेतलं, मग डबा उघडाच फ्रीजरमध्ये ठेवला. सकाळी वर दोनेक सेंटीमीटरचा बर्फ धरला होता. घरच्या फ्रीजमध्ये निघतात तसे काचेसारखे खडे नव्हते. हा फिकट गुलाबी, दुधट, बोटानं दाबला तर किंचित दबणारा. त्याच्या अंगावर गडद लाल, चिकट ओल होती. पाणी गोठताना मिठाला आणि रंगाला बाहेर काढतं, आणि ते सगळं बर्फाच्या बारीक खाचांमध्ये आणि वरच्या अंगावर गोळा होतं. यालाच ब्राइन म्हणतात.

मग आमच्या जुन्या एकदारी फ्रीजरच्या भिंतीवर साचलेलं कोरडं हिम चमच्यानं खरवडून त्यावर तीनेक सेंटीमीटर भुरभुरवलं. शेजारी नुसत्या गोड्या पाण्याच्या बर्फावरही तेवढंच टाकलं. संध्याकाळी पाहिलं तर गोड्या बर्फावरचं हिम पांढरंशुभ्र होतं. खाऱ्या बर्फावरच्या हिमाचा तळ लाल झाला होता, आणि तो लाल रंग साधारण सेंटीमीटरभर वर चढला होता. वरचं हिम कोरडं, भुरभुरीत. तळाचं चिमटीत धरलं तर ओलसर गोळा व्हायचा. जिभेवर ठेवलं, तर खारट नव्हे, कडू लागावं इतकं खारट.

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात पावसाळ्यात भिंतीला ओल चढायची आणि मग लोणा लागायचा. ओल जोत्यातून वर यायची आणि येताना क्षार घेऊन यायची. हिमाचं तसंच आहे. हिमाच्या कणांमधल्या बारीक फटी ब्राइनला वर ओढून घेतात. समुद्रावरच्या हिमात तळाच्या काही सेंटीमीटरची क्षारता चांगलीच वाढलेली सापडते, आणि हा खारट तळ उणे १० ला सुद्धा पूर्ण गोठत नाही, त्यात द्रव शिल्लक राहतो. रडारला द्रव पाण्याचं वावडं आहे. कोरड्या हिमातून सुखानं आलेली लहर या खारट तळावर अडखळते: काही शोषली जाते, काही तिथूनच परत फिरते.

म्हणजे हिम पडण्याआधी रडारला बर्फाचा गुळगुळीत माथा दिसत होता आणि आता हिमाच्या तळाची खडबडीत, ओलसर, खारट गादी दिसते. गुळगुळीत माथा लहर पुढच्या पुढे परावर्तित करून टाकतो, म्हणून तो काळा दिसतो. खडबडीत गादी थोडी लहर उपग्रहाकडे परत पाठवते, म्हणून पट्टा उजळतो. बर्फ तेवढाच आहे.

इथे आणखी एक गोष्ट पक्की धरून ठेवायला हवी. सी-बँड रडार, म्हणजे सेंटिनेल-१ सारखं साडेपाच सेंटीमीटर लहरीचं, कोवळ्या बर्फाची जाडी कधी मोजतच नाही. इतक्या खारट बर्फात लहर जेमतेम काही सेंटीमीटर शिरते आणि उंबऱ्यावरूनच परत फिरते. माथ्याचा खडबडीतपणा आणि मीठ पाहून आपण जाडीचा अंदाज करतो. हिमानं माथाच बदलला की अंदाज कोसळणारच.

गोधडीचा परिणाम

ब्राइन वर चढतं ही एक बाजू. दुसरी बाजू उबेची आहे, आणि माझ्या मते तिचा परिणाम अधिक खोल आहे.

हिम ही गोधडी आहे. बर्फातून उष्णता जितक्या सहज जाते त्याच्या साधारण सातव्या हिश्श्यानंच ती हिमातून जाते. १५ सेंटीमीटरचा बर्फ घ्या, खाली पाणी उणे १.८ अंश. हिम नसेल तेव्हा बर्फाचा माथा सोपेपणासाठी हवेइतकाच थंड धरू, उणे २०. आता त्यावर ५ सेंटीमीटर हिम घाला आणि उणे २० ची थंडी हिमाच्या माथ्यावर धरा. कागदावर भागाकार केला की बर्फाच्या माथ्याचं तापमान उणे ७ च्या जवळ येतं. पाच सेंटीमीटरची गोधडी, आणि बारा-तेरा अंशांची ऊब.

ही ऊब बर्फाच्या पोटातलं ब्राइन वाढवते. थंडीत ब्राइनमधलं पाणी गोठत जातं आणि खाचा आवळतात. ऊब आली की खाचांच्या भिंती विरघळून खाचा मोठ्या होतात. क्षारता हजारी १० असेल तर उणे २० ला बर्फाच्या घनफळात ब्राइन साधारण ३ टक्के असतं, उणे ७ ला साडेसात टक्के. ५ टक्के हा मोलाचा आकडा आहे. त्याच्या वर गेलं की सुट्या खाचा एकमेकींना जोडल्या जातात आणि बर्फ पाझरू लागतो. मग हिमाला वर ओढून घ्यायला आणखी ब्राइन मिळतं. म्हणून हिम पडल्याच्या त्याच तासाला काही दिसत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पट्टा उजळतो. आमची फसगत नेमकी या उशिरामुळे व्हायची. आम्ही दृश्याच्या दिवसाचं हवामान पाहायचो, त्या दिवशी आभाळ निरभ्र असायचं, आणि आम्ही म्हणायचो, हिम नाही, मॉडेलच बिघडलंय.

शिवाय अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर हिम एकटं येत नाही. उत्तरेकडून वादळ येतं तेव्हा समुद्रावरची दमट, उबदार हवा घेऊन येतं. उणे २५ ची हवा दिवसाभरात उणे ८ पर्यंत चढू शकते. गोधडी आणि शेगडी एकदमच.

वजनाचा परिणाम

कोवळा बर्फ पाण्यावर किती कमी उचललेला असतो याचा अंदाज आपल्याला नसतो. पाण्याची घनता घनमीटरला १,०२४ किलो, बर्फाची साधारण ९१७. १५ सेंटीमीटरच्या बर्फाचा पाण्यावर राहणारा भाग जेमतेम दीड सेंटीमीटर. वाऱ्यानं दाबलेलं हिम घनमीटरला ३३० किलोच्या आसपास असतं. त्याचा पाच सेंटीमीटरचा थर झाला की बर्फाचा माथा पाण्याच्या पातळीला येतो. बर्फाच्या जाडीच्या एक तृतीयांश हिम, एवढा हिशेब तोंडपाठ ठेवा. त्यापुढे एक सेंटीमीटरही जास्त झालं की समुद्राचं पाणी भेगांतून वर येतं आणि हिमाचा तळ अक्षरशः भिजतो. अंटार्क्टिकात हे सर्रास होतं.

भिजलेला हा चिखल ताजा असतो तेव्हा पट्टा काळा पडू शकतो, उघड्या शांत पाण्यासारखा. नंतर तो गोठतो, त्याचा दाणेदार, बुडबुड्यांनी भरलेला बर्फ होतो, आणि पट्टा पुन्हा उजळतो. आधी काळा आणि मग पहिल्यापेक्षा उजळ, अशी चाल दिसली तर आम्ही आधी हा हिशेब करतो.

उजेड कुठल्या दिशेला जाईल?

हिम पडलं की पट्टा उजळतोच असा नियम करू नका. आधी काय होतं त्यावर सगळं अवलंबून आहे.

हिमाआधी पट्टा काळा, गुळगुळीत निलास असेल तर हिमानंतर तो बहुधा उजळेल. कारण वर दिलंच आहे. पण हिमाआधीच तो उजळ असेल तर? शांत, कडक थंडीत नव्या बर्फावर हिमफुलं उगवतात, ज्यांना फ्रॉस्ट फ्लॉवर म्हणतात. दोन-चार सेंटीमीटर उंचीची, नाजूक, आणि खालचं ब्राइन शोषून समुद्राच्या पाण्याच्या काही पट खारट झालेली. ती आली की निलासही चांगला उजळ दिसतो. वादळाचा वारा त्यांना मोडतो, हिम त्यांना पुरून टाकतं, आणि पट्टा थोडा काळवंडू शकतो. म्हणजे तेच हिम एका पट्ट्याला उजळवतं आणि शेजारच्याला विझवतं. एकाच दृश्यात दोन्ही दिसलं तर गोंधळून जाऊ नका.

पॅनकेक बर्फाची, म्हणजे लाटांत एकमेकांवर आपटून गोल झालेल्या थाळ्यांची, गोष्ट वेगळी. त्याच्या उभारलेल्या कडाच इतका परतावा देतात की थोडंसं कोरडं हिम फार फरक पाडत नाही.

हवा शून्याजवळ गेली आणि हिम वरूनच ओलं झालं, तर सगळाच खेळ थांबतो. एक-दोन टक्के द्रव पाणीही पुरेसं असतं: लहर हिमाच्या वरच्या थरातच संपते, कोवळा आणि जाड बर्फ सारखाच दिसतो. असं दृश्य आम्ही वर्गीकरणाला देतच नाही. त्यातून उत्तर निघत नाही, फक्त रंग निघतात.

एक छोटी बाब अजून. कोरडं हिम लहरीला अडवत नसलं तरी वाकवतं. ०.३ घनतेच्या हिमात ४० अंशांनी शिरलेली लहर बर्फापर्यंत पोहोचते तेव्हा ३१ अंशांची झालेली असते. कोनाची दुरुस्ती हवेतल्या कोनानं केली की हिमाखालच्या पट्ट्यात थोडी चूक उरतेच.

दुसरी साक्ष कुणाची घ्यायची, आणि कुणाची जपून

सहज मनात येतं की थर्मल चित्र पाहावं. पातळ बर्फ खालच्या पाण्यामुळे उबदार दिसतो, जाड बर्फ थंड. पण हिमाची गोधडी पडली की पातळ बर्फावरचा माथाही थंड होतो आणि थर्मलही म्हणतं, जाड आहे. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि दोघांनाही त्याच हिमानं फसवलेलं असतं. म्हणून थर्मल पाहायचं ते वादळाच्या आधीच्या निरभ्र रात्रीचं, नंतरचं नाही.

हवामानासाठी आम्ही ईआरए५ (निरीक्षणं आणि मॉडेल जोडून मागचं हवामान पुन्हा उभं करणारा युरोपीय माहितीसंच) वापरतो: मागच्या ७२ तासांतलं तापमान, वारा, आणि पडलेलं हिम. त्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. त्याच्या जाळीचा चौकोन साधारण ३१ किलोमीटरचा आहे, पॉलिन्याचा अरुंद पट्टा त्यात हरवतो. आणि ईआरए५ समुद्राच्या बर्फावर हिमाचा थरच धरत नाही. बर्फ सगळीकडे दीड मीटर जाडीचा मानतो. त्यामुळे थंडीत त्याचं पृष्ठभागाचं तापमान खऱ्यापेक्षा उबदार येतं. तापमान किती बदललं ते त्यावरून बघा, नेमक्या आकड्यावर हिशेब मांडू नका. शिवाय जमिनीवरून वाऱ्यानं उडत येऊन बर्फावर बसलेलं हिम त्यात कुठेच नाही. आकाशातून काही पडलं नाही म्हणून हिम आलंच नाही, असं किनाऱ्याजवळ म्हणता येत नाही. वारा जोराचा होता का, तेही पाहावं लागतं.

लांब लहरीचं रडार मिळालं तर जरूर घ्या. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या उपग्रहावर २४ सेंटीमीटर लहरीचा एल-बँड रडार आहे. हिमाच्या तळाचा बारीक खडबडीतपणा एवढ्या लांब लहरीला फारसा जाणवत नाही, तिला एकमेकांवर चढलेले थर आणि कडा जास्त दिसतात. त्यामुळे एखादा पट्टा सी-बँडमध्ये उजळला आणि एल-बँडमध्ये काळाच राहिला, तर बर्फ मोडलेला नाही, वरचं अंग बदललंय, असं आम्ही धरतो.

आम्ही नेमकं काय बदललं

मॉडेल पुन्हा शिकवणं थांबवलं. त्याऐवजी प्रत्येक पट्ट्याचा जन्मदाखला ठेवतो: इथे उघडं पाणी शेवटचं कधी दिसलं. त्या तारखेपासून थंडीची बेरीज, आणि लेबेडेव्हच्या सूत्रानं जास्तीत जास्त किती जाडी होऊ शकते तो आकडा. क्लासिफायरनं त्याच्या वरचा वर्ग दिला, थर चढल्याच्या खुणा नसल्या आणि मागच्या तीन दिवसांत हिम, वादळ किंवा दहा अंशांची तापमानवाढ असेल, तर लेबल आपोआप थांबतं आणि पट्ट्यावर 'हिमाखालचा कोवळा' असा वेगळा रंग चढतो. पट्टा वाहत असतो, त्यामुळे जन्मदाखला जागेला न चिकटवता पट्ट्याला चिकटवावा लागतो; कडेची ओळखीची वळणं धरून आम्ही त्याचा माग काढतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण हाती केल्याशिवाय जमत नाही.

नव्या मोसमासाठी शिकवणीचे नमुने निवडताना हिमानंतरच्या ७२ तासांतले नमुने आम्ही बाजूला काढतो, टाकून देत नाही. 'हिमाखालचा कोवळा' या वर्गासाठी तेच लागतात. आणि प्रत्येक नमुन्यासोबत कोन, हवेचं तापमान आणि गोठल्यापासूनचे दिवस हे तीन रकाने भरल्याशिवाय तो फाइलमध्ये जात नाही.

कालच्या दृश्यात भारतीच्या पश्चिमेला एक लांबट पट्टा अचानक उजळला होता. साक्षीदार पट्टा जागच्या जागी, जन्मदाखला पाच दिवसांचा, जास्तीत जास्त जाडी १८ सेंटीमीटर, आणि परवाच्या रात्री वादळ येऊन गेलेलं. हाक यायच्या आत शेजारच्या टेबलावरच्या सहकारी मुलीनं त्याच्यावर चढलेला तो रंग स्वतःच तपासून ठेवला होता आणि शेऱ्यात लिहिलं होतं: "पुढच्या दृश्यापर्यंत थांबू. सहा सेंटीमीटर हिम असेल तर भिजेल, मग आधी काळा होईल."